बहात्तर तासांची मुदत

निरोध फाटला, नेहमीच्या गोळ्यांत खंड पडला अथवा संबंध मनाविरुद्ध लादला गेला, अशा प्रसंगी जिचा आधार घेता येतो त्या गोळीविषयी माझ्या दवाखान्यात स्त्रिया विचारणा करतात ती बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि तीही दार लोटून घेतल्यावर. म्हणून जे त्यांच्या कानी पहिल्याच दिवशी पडावयास हवे होते, ते आज येथे लिहितो.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल या औषधाची दीड मिलिग्रॅमची एकच गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यावयाची असते. परंतु अखेरच्या दिवशी अर्ज दाखल केला तरी चालतो, तशी ही मुदत कृपा करून समजू नये. स्त्रीबीज बीजाशयातून सुटण्याची क्रिया लांबणीवर टाकणे हे या गोळीचे मुख्य कार्य; शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, ते निकामी होईपर्यंत बीज अडवून धरले की गर्भधारणा टळते; मात्र बीज एकदा सुटले की गोळीजवळ फारसा इलाज उरत नाही, आणि ते कोणत्या घटकेस सुटेल हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे संकोचात गेलेला प्रत्येक तास आपण दैवाच्या हवाली करीत असतो.

यावरूनच ध्यानात येईल की हिला ‘पाडण्याची गोळी’ म्हणणे सर्वथा चुकीचे आहे. गर्भ राहिलेला असेल तर ती त्यास काढीत नाही, आणि अपायही करीत नाही. गर्भपाताची औषधे निराळी. ती 1971 च्या कायद्यानुसार अधिकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. या गोळीस मात्र चिठ्ठीची आवश्यकता नाही. ती औषधाच्या दुकानात मिळते, गावी आशाताईंकडेही असते, आणि ती आणावयास पतीने जावे, एवढी जबाबदारी त्याच्याकडे निश्चितच येते.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. क्षयावरील रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असल्यास तिचा प्रभाव घटतो, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. अशा स्त्रीने, आणि जिचे तीन दिवस उलटून गेले आहेत तिनेही, पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घ्यावी. गोळीपेक्षा ती कितीतरी अधिक खात्रीची, आणि तिचा एक प्रकार पुढे दहा वर्षे काम देतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते 1921 साली. त्यास शंभरावर वर्षे लोटली, तरी नित्याच्या साधनाची तजवीज न करता दर महिन्यास हीच तातडीची गोळी घेणाऱ्या सुशिक्षित मुली मला भेटतात, याचे मनस्वी दुःख होते. तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन, किंवा पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यावयाची, हार्मोनविरहित ‘छाया’ गोळी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते.

पाळी काही दिवस पुढे-मागे झाली तर घाबरू नये, परंतु आठवड्याहून अधिक लांबली तर लघवीची तपासणी करावी; आणि त्या काळात ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळा येऊन चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिला असण्याचा संभव असतो, म्हणून सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.