गार इंजिन खोटं बोलत नाही: जुनी डिझेल गाडी घेताना काय करावे, काय टाळावे

मागच्या हिवाळ्यात मावसभावासाठी पाथर्डी फाट्याला एक गाडी बघायला गेलो होतो. सकाळी सातला येतो म्हणून सांगितलं होतं, पण पावणेसातलाच पोचलो. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट लागलं. निफाडचा पारा घसरला की नाशिकही गारठतं. अशा पहाटे उभ्या गाडीचं बॉनेट कोमट असेल, तर आम्ही येण्याआधीच कोणीतरी ती चालू करून ठेवली होती, हे उघड आहे. आम्ही तिथूनच परत फिरलो.

जुनी डिझेल गाडी घेताना आपण पत्रा आणि मॉडेलचं साल विकत घेत नाही. आधीच्या मालकाने ती कशी वापरली, ते विकत घेतो. खालची यादी त्यासाठी आहे.

हे करा

१. आधी रोजचं रनिंग मोजा. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये, पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १५ आणि डिझेलचं २० धरा. किलोमीटरमागे ७ रुपये विरुद्ध ४ रुपये ६० पैसे, म्हणजे २ रुपये ४० पैसे वाचतात. नाशिक–सिन्नर जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर होत असतील, तर महिन्याच्या २५ दिवसांत ३,६०० रुपये सुटतात. कॉलेज रोड ते सीबीएस असं दिवसाला १० किलोमीटरच होत असेल, तर फक्त ६००. एवढ्यासाठी डिझेल घेऊ नका.

२. मेकॅनिकच्या ओळखीचं इंजिन निवडा. फियाटचं १.३ मल्टिजेट हे १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत होतं. त्यामुळे ते न उघडलेला मेकॅनिक सापडणं कठीण. त्याला टायमिंग चेन आहे. टोयोटा इटिऑसचं १३६४ सीसीचं इंजिनही चेनचं आणि चिवट. आपल्या सातपूरला बनलेल्या लोगन आणि तिचंच पुढचं नाव असलेल्या व्हेरिटोत रेनॉचं १.५ डीसीआय इंजिन आहे. अ‍ॅव्हरेज उत्तम, जागा ऐसपैस, नावाला मागणी कमी म्हणून किंमतही कमी.

३. बेल्टची गाडी असेल तर बेल्टचं बिल मागा. लोगन-व्हेरिटो आणि फोर्ड फिगोच्या १.४ डिझेलला टायमिंग बेल्ट असतो. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजा आणि तो खर्च किमतीतून कमी करून घ्या.

४. गाडी गार असताना स्वतः स्टार्ट करा. निरोगी डिझेल एका-दोन सेल्फमध्ये उठतं. खूप सेल्फ घेत असेल तर बॅटरी, हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी थकलंय. मग धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रेस दिल्यावर सतत काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरची तक्रार. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. ती गाडी सोडा.

५. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. किंचित वाफ चालते. झाकण उडू लागलं, धुराचे झोत येऊ लागले, तर रिंगा झिजल्या आहेत. झाकणाखाली साईसारखा फेस दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच.

६. चढावर चालवा. सपाट हायवेवर सगळ्याच गाड्या गुणी वाटतात. कसारा घाट चढताना चौघे बसवा, एसी लावा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. रेस वाढते पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली आहे.

७. आरसीवरची तारीख वाचा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ची गाडी २०२७मध्ये पुन्हा पासिंगला जाईल, तेव्हा फी आणि पर्यावरण कर भरावा लागेल. तो खर्च आजच हिशेबात धरा.

८. पाचातला एक रुपया राखून ठेवा. घेतल्या घेतल्या ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, बेल्ट बदला, टायर-बॅटरी तपासा. पुढची दोन वर्षं सुखाची जातात.

हे टाळा

१. कमी किलोमीटरला भुलू नका. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. त्याआधी पेट्रोल-डिझेलच्या दरात मोठी तफावत होती आणि लोक भरपूर फिरण्यासाठीच डिझेल घेत. दहा वर्षांत साठ हजारच? पेडलचं रबर, स्टिअरिंग, ड्रायव्हर सीटची कड बघा. मीटर मागे घेता येतं, झीज मागे घेता येत नाही.

२. टॅक्सीतून खाजगी झालेली गाडी नकळत घेऊ नका. डिझायर आणि इटिऑसमध्ये ही शक्यता जास्त. आरटीओच्या नोंदीत आधीचा परवाना तपासा.

३. पुरात बुडालेली गाडी घेऊ नका. २००८ आणि २०१९मध्ये गोदेचं पाणी गावात शिरलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा गंजलाय का, तेही बघा.

४. दिल्लीच्या स्वस्त गाडीचा मोह धरू नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले, म्हणून त्या इकडे येतात. एनओसी, इथला कर आणि नवा नंबर धरला की स्वस्ताई उरत नाही.

५. फक्त शहरात फिरण्यासाठी बीएस-६ डिझेल घेऊ नका. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला लांब पल्ला लागतो. सिग्नल-टू-सिग्नल चालवलं की तो तुंबतो.

६. जुन्या मालकाच्या नावावर गाडी चालवू नका. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, बाकी ई-चलन, पीयूसी हे सगळं पूर्ण पैसे देण्याआधी बघा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. उद्या अपघात झाला तर वाद या कागदांवरूनच सुरू होतो.

७. घाई करू नका. पाथर्डी फाट्यानंतर आम्ही आणखी चार गाड्या पाहिल्या. पाचवी सिडकोतल्या एका निवृत्त गृहस्थांची व्हेरिटो निघाली. रंग उडालेला, बंपरला ओरखडा. पण त्यांनी आतून एक जाड फाइल आणली. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल तारखेने लावलेलं, बेल्टचं बिल वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. बॉनेट बर्फासारखं गार होतं. भावाने चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. आता ती रोज सिन्नरला जाते. त्या फाइलला भाऊ स्वतःची बिलं लावत चाललाय.