रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे काय?

वस्तीतल्या एका ताईंनी मध्यंतरी आम्हाला थुंकीच्या तपासणीचा कागद दाखवला. म्हणाल्या, “पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे चांगलंच ना? टीव्हीवर तर सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा.” तो टीबीचा रिपोर्ट होता. आठ दिवस कागद घरात पडून होता, औषध सुरू झाले नव्हते. चूक ताईंची नव्हती. कागद हातात देताना कोणी तो समजावलाच नव्हता. म्हणून या वेळी हा एकच शब्द नीट समजून घेऊ.

‘पॉझिटिव्ह’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, मांडणे. त्यावरून पॉझिटिव्ह म्हणजे ठामपणे मांडलेले. ‘निगेटिव्ह’ आला ‘नेगारे’वरून, म्हणजे नाकारणे. चांगले-वाईट हा अर्थ बोलण्यात नंतर चिकटला. तपासणीत तो अर्थ नाही. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘जे शोधले ते सापडले’ आणि निगेटिव्ह म्हणजे ‘ते सापडले नाही’. म्हणून आधी विचारायचे, शोधले काय?

थुंकी : पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचे जंतू सापडले. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. ते लगेच सुरू करावे आणि डॉक्टर सांगतील तितके महिने पूर्ण घ्यावे. निगेटिव्ह आले तरी निर्धास्त होऊ नये. जंतू थोडे असतील किंवा खाकरून काढलेल्या बेडक्याऐवजी नुसती लाळ दिली असेल, तर ते दिसत नाहीत. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर पुन्हा दाखवावे.

रक्तगट : ‘ओ पॉझिटिव्ह’ हा आजार नव्हे. रक्तपेशींवर आरएच नावाचा घटक आहे, एवढाच त्याचा अर्थ. गरोदर बाईचा गट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. बाळासाठी वेळेवर इंजेक्शन घ्यावे लागू शकते.

सिकलसेल : विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. शिबिरातली पहिली चाचणी, सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह आली तर फक्त रक्तात सिकलचा दोष आहे एवढे कळते. माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते. वाहक माणूस सहसा निरोगी असतो, त्याला रोगी म्हणू नये. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिका नको, हा रिपोर्ट पाहावा.

कागद हातात पडला की तीन प्रश्न विचारा : कशाची तपासणी होती? सापडले की नाही? आता पुढे काय करायचे? उत्तर मिळेपर्यंत दवाखान्यातून उठू नका. विचारण्यात लाज नाही, तो आपला हक्क आहे.

त्या ताईंचे औषध आता सुरू आहे.