देवताविचार : वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या निमित्ताने

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. रामचंद्रदेव यादवाच्या राजवटीतील (इ. स. १२७१ ते १३११) मराठी शिलालेखही याच गावी आहेत. शिव व शक्ती एका देहात पाहून भाविक म्हणतो, 'दोन देवता एक, तर सर्वच देवता एक; आणि तोच परमेश्वर.' हे अनुमान शास्त्राने तपासावे.

श्रीचक्रधरोक्त ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त. लोक देवता तेहतीस कोटी म्हणतात. या शास्त्रात त्या ८१ कोटी सव्वा लक्ष १० आहेत. प्रत्येक देवता आपल्या अधिकाराइतकेच फळ देते, आणि ते भोगून सरते. मोक्षदानाचे सामर्थ्य तिच्या ठायी नाही. दोन देवता एका मूर्तीत कोरल्याने ही मर्यादा ओलांडली जात नाही.

मग देवता मिथ्या काय? नव्हेत. पदार्थ सत्य आहे, अधिकार तेवढा परिमित आहे. म्हणून देवळाच्या सावलीत राहणाऱ्या उपदेशीने शेजाऱ्याच्या पूजेची निंदा करू नये, आणि आपले अनुसरणही ढळू देऊ नये. निंदेने अहिंसा भंगते, मिश्रभावाने अनन्यता.