वृषणाची गाठ: मार्करचा आकडा कसा वाचावा?

आंघोळीच्या वेळी वृषणात टणक, न दुखणारी गाठ हाताला लागली, तर संकोच बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात युरॉलॉजिस्टला दाखवा. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने १५ ते ३५ या वयात आढळतो. सोनोग्राफीसोबत रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच तपासतात. हेच ट्यूमर मार्कर.

तिन्ही रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. सेमिनोमा या प्रकारात मार्कर बऱ्याचदा वाढतच नाहीत. उलट, या गाठीमुळे एएफपी वाढला असेल, तर ती निव्वळ सेमिनोमा नसते आणि उपचारांची दिशा बदलते. यकृताच्या आजारातही एएफपी वाढतो, म्हणून कावीळ, दारू काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

पहिले रक्त शस्त्रक्रियेआधीच द्या. वृषण काढल्यावर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मा होतो, एचसीजी दीड ते तीन दिवसांत. समजा, आधी एएफपी ८०० होता. तो आठवड्याने ४००, दोन आठवड्यांनी २००, चार आठवड्यांनी ५०च्या आसपास यायला हवा. मध्येच अडकला किंवा चढू लागला, तर रोग शिल्लक असण्याची शक्यता असते. आधीचा आकडाच नसेल, तर हा हिशेब मांडायचा कशावरून? शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा आणि जुने रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा.

याच जातीच्या, म्हणजे जर्म सेलच्या, गाठी मुलींच्या अंडाशयात आणि छातीतही होतात. क्रिकेटपटू युवराज सिंगला छातीतला सेमिनोमा झाला होता. अमेरिकेत केमोथेरपी घेऊन तो २०१२मध्येच पुन्हा भारताकडून खेळला. आकडा वाचताना वयही बघा: तान्ह्या बाळाचा एएफपी मुळातच जास्त असतो. मोठ्यांच्या मापाने तो वाचून घाबरू नका.

हा रोग पसरलेला असला, तरी बहुतेक रुग्ण बरे होतात. पुढे मूल हवे असेल, तर केमोआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल स्वतःहून विचारा. आणि उपचार संपल्यावर बरे वाटते म्हणून मार्करची तारीख चुकवू नका. रोग परतला, तर कित्येकदा त्रास सुरू होण्याआधी हा आकडाच सांगतो.