निराजीपंत आणि नारायण शेणवी

राजशिष्टाचार म्हटला की मंत्रालयातली त्या नावाची शाखा, विमानतळावरचे पुष्पगुच्छ आणि लाल गालिचा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. हे काम खरे कशाचे असते ते समजून घ्यायचे, तर १६७४ च्या उन्हाळ्यातला रायगड पाहावा.

त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन याला शिवाजी महाराजांकडे वकील म्हणून पाठविले. राजापूरची वखार १६६१ मध्ये लुटली गेली होती. तिची भरपाई आणि व्यापाराची मुभा इंग्रजांना हवी होती. वकील गडाखाली पोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेलेले. पाहुण्याला थांबवून तर ठेवायचे, पण त्याचा मान दुखवायचा नाही, हे काम निराजी रावजींकडे आले. निराजीपंत अष्टप्रधानांतील न्यायाधीश. १६६६ मध्ये महाराजांबरोबर आग्र्याला गेलेल्या मंडळींपैकी. बादशहाच्या दरबारात महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले, त्यातून पुढे काय घडले, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

इंग्रजांच्या बाजूला नारायण शेणवी हे दुभाषी. ऑक्झिंडेनच्या आधीच ते बोलण्यांसाठी गडावर गेले होते, पण राजघराण्यात दुखवटा असल्याने त्यांना भेटीसाठी दिवस काढावे लागले. ६ जून रोजी राज्याभिषेकाच्या दरबारात इंग्रज मंडळी सिंहासनापासून बरीच दूर उभी होती. तेव्हा शेणव्यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर उचलून धरली. महाराजांची नजर गेली आणि त्यांनी सर्वांना सिंहासनाजवळ बोलावून घेतले. बखरीतल्या लढायांपेक्षा मला हा उचललेला हात अधिक जवळचा वाटतो.

त्याला कारण आहे. आमची जमीन नव्या शहरात गेली, तेव्हापासूनचे कागद घरी पेटीत आहेत आणि ते वाचणारा मी पहिलाच. एका कचेरीत साहेबांनी वडिलांना तासभर उभे ठेवले. मी दोन वाक्ये इंग्रजीत बोललो, तर खुर्ची मला दिली. मी बसलो नाही. साहेबांचे बोलणे वडिलांना सांगताना मात्र थोडे मऊ केले. शेणव्यांनीही दोन्हीकडचे असे कितीतरी मऊ केले असेल.

पण सगळेच मऊ करून भागत नाही. इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत असे एक कलम होते. कोणतेही नाणे आम्ही अडवीत नाही, परंतु तोट्याचे नाणे घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही, असे महाराजांचे उत्तर आले. ते जसेच्या तसेच पोचवावे लागले. बाकीची बहुतेक कलमे मान्य होऊन जूनमध्येच तह झाला.

निराजीपंतांच्या घरात ही विद्या पुढे चालली. पुत्र प्रल्हाद निराजी कुतुबशाहीच्या दरबारी महाराजांचे वकील होते, आणि पुढे जिंजीस राजाराम महाराजांनी त्यांना प्रतिनिधिपद दिले.