इंग्रजीतील ‘कव्हर’ हा शब्द : अर्थ, उपयोग व अध्यापन

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जातो. खेड्यातील मुलाच्या कानावर घरी इंग्रजी क्वचितच पडते, अशी आपली समजूत असते. परंतु काही इंग्रजी शब्द असे आहेत की, ते मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या तोंडी बसलेले असतात. ‘कव्हर’ हा त्यांपैकी एक होय. वहीचे कव्हर, उशीचे कव्हर, मोबाइलचे कव्हर ही बोली आता वाडीवस्तीवरही रुळली आहे. मुलाला ठाऊक असलेल्या अशा शब्दापासून धडा सुरू केला, तर अर्धे काम आधीच झालेले असते. उरलेले अर्धे काम मात्र काळजीने करावे लागते. कारण मुलाला माहीत असलेला ‘कव्हर’ हे केवळ नाम आहे. इंग्रजीत त्याचे मोठे कार्य क्रियापद म्हणून चालते, आणि नेमक्या तेथेच मुले चुकतात.

१. उच्चार व अक्षरे

या शब्दाच्या लेखनात पहिल्या व्यंजनानंतर ‘ओ’ हे अक्षर येते. त्यामुळे वाचू लागलेले मूल ‘कोव्हर’ असे म्हणते. त्यात मुलाचा दोष नाही. ‘ओव्हर’ हा शब्द त्याने क्रिकेटमध्ये ऐकलेला असतो, आणि त्याच्या आरंभी एक अक्षर जोडले की ‘कव्हर’ लिहून होतो. लेखन जवळजवळ सारखे, उच्चार मात्र वेगळा. अशा वेळी ‘मदर’, ‘ब्रदर’, ‘मनी’, ‘लव्ह’ हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. या सर्वांत ‘ओ’ अक्षर आहे, पण उच्चार ‘अ’सारखा आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. मधला ‘व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला किंचित टेकतात, हे शिक्षकाने तोंड वर्गाकडे करून दाखवावे.

२. क्रियापदाचे कर्म कोणते?

हा या धड्याचा गाभा आहे. मराठीत ‘झाकणे’ आणि ‘पांघरणे’ ही दोन क्रियापदे निरनिराळ्या रीतीने चालतात. ‘आजीने भाकरी झाकली’ या वाक्यात झाकली गेली ती भाकरी; तीच कर्म. ‘मुलाने घोंगडी पांघरली’ या वाक्यात मात्र झाकला गेला तो मुलगा, आणि कर्म आहे घोंगडी. म्हणजे पहिल्या क्रियापदाचे कर्म झाकली जाणारी वस्तू, तर दुसऱ्याचे कर्म झाकणारी वस्तू होय.

इंग्रजीतील ‘कव्हर’ हे क्रियापद ‘झाकणे’प्रमाणे चालते, ‘पांघरणे’प्रमाणे नव्हे. त्याच्यापाठोपाठ झाकली जाणारी वस्तू येते. ज्याने झाकावयाचे ते साधन त्यानंतर ‘विथ’ लावून सांगतात. हा भेद न समजल्यामुळे मुले ‘द बॉय कव्हर्ड द ब्लँकेट’ असे लिहितात. त्याचा अर्थ, मुलाने घोंगडीवरच काहीतरी घालून ती झाकली, असा होतो. शुद्ध वाक्य ‘द बॉय कव्हर्ड हिमसेल्फ विथ अ ब्लँकेट’ असे होय. त्याचप्रमाणे ‘आईने बाळाच्या अंगावर पांघरूण घातले’ याचे इंग्रजी करताना ‘मदर कव्हर्ड द बेबी विथ अ ब्लँकेट’ असे बाळाला पुढे आणावे लागते.

येथे मुलाची चूक अज्ञानाची नसते. आपल्या भाषेच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच विचार करीत असते. म्हणून अशा वाक्यावर लाल फुली मारून थांबू नये. ‘कोण झाकले गेले?’ हा एकच प्रश्न विचारावा. मूल ‘मुलगा’ असे उत्तर देते, आणि ‘मग तोच शब्द क्रियापदाच्या लगेच पुढे ठेव’ एवढे सांगितले की वाक्य त्याचे त्यालाच दुरुस्त करता येते.

३. अर्थाचा विस्तार

‘कव्हर’चे अर्थ कोशात पुष्कळ दिलेले असतात; ते पाठ करून घेणे निरर्थक आहे. ते चार गटांत मांडले म्हणजे एकातून दुसरा कसा निघाला हे दिसते.

(अ) झाकणे व लपविणे : भांडे झाकणे, डोळे झाकणे. यातूनच ‘कव्हर अप’ हा प्रयोग आला. एखाद्याच्या चुकांवर ‘पांघरूण घालणे’ असे मराठीतही म्हणतात. येथे दोन्ही भाषांनी एकच कल्पना वापरली आहे.

(आ) रक्षण करणे : पावसापासून धान्य झाकणे. यातूनच ‘टेक कव्हर’, म्हणजे आडोसा घेणे, हा प्रयोग आला. विम्याच्या कागदांत ‘कव्हर’ म्हणजे संकटात मिळणारे संरक्षण.

(इ) व्यापणे : धुक्याने डोंगर व्यापणे. भूगोलात पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे असे आपण शिकवितो. इंग्रजीत तेथेही ‘कव्हर’ हेच क्रियापद येते. मोबाइलवर ऐकू येणारे ‘कव्हरेज क्षेत्र’ हेही याच गटातले.

(ई) पुरे करणे, पुरे पडणे : मराठीत अंतर ‘कापतात’, खर्च ‘भागतो’, बातमी ‘देतात’, रजेवरील सहकाऱ्याचा वर्ग ‘सांभाळतात’. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘कव्हर’ चालतो. म्हणून भाषांतर करताना शब्दाला शब्द न ठेवता मराठीत त्या जागी कोणते क्रियापद शोभते ते पाहावे.

४. शब्दाचे गणगोत

हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचे काही नातलग वरच्या वर्गांतील मुलांना सांगण्याजोगे आहेत. ‘कर्फ्यू’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या जोडशब्दापासून आला आहे. मध्ययुगात युरोपातील गावांत रात्री ठरलेल्या वेळी घंटा होई आणि घरोघरचा विस्तव झाकून ठेवावा लागे. पुढे त्या शब्दाला संचारबंदीचा अर्थ आला. ‘करचीफ’ म्हणजे मुळात डोके झाकण्याचे वस्त्र. ते हातात आले तेव्हा त्याला ‘हँडकरचीफ’, म्हणजे हातरुमाल, म्हणू लागले.

‘डिस्कव्हर’ म्हणजे झाकण दूर करणे. जे आधीपासून होते पण झाकलेले होते, ते उघड करणे. ‘इन्व्हेंट’ म्हणजे नव्हते ते नव्याने घडविणे. मराठीत दोहोंना ‘शोध लावणे’ म्हणत असल्यामुळे मुलांचा येथे नेहमी घोटाळा होतो. प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी उघड केला, तो निसर्गात पूर्वीपासून होता. तेथे ‘डिस्कव्हर’ शोभेल. एडिसनने १८७७ मध्ये ध्वनिमुद्रणाचे यंत्र बनविले. तेथे ‘इन्व्हेंट’ म्हणावे. २८ फेब्रुवारीस शाळांत विज्ञान दिन साजरा होतो, त्या दिवशी हा भेद सांगितल्यास तो मुलांच्या ध्यानात राहतो.

‘रिकव्हर’ मात्र या कुळातला नव्हे. तो ‘परत मिळविणे’ अशा अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून आला आहे. आजारातून बरे होणे आणि कर्जाची वसुली या दोहोंत गेलेले परत मिळते. ‘पुन्हा झाकणे’ अशी त्याची फोड करून मुलांना सांगू नये.

५. मराठी शब्दांची जपणूक

इंग्रजी शिकविताना एक हानी नकळत होते. ‘कव्हर’ हा एकच शब्द हाताशी आला की मराठीतील अनेक नेमके शब्द मुलांच्या बोलण्यातून निघून जातात. उशीला अभ्रा असतो, गादीला खोळ, तंबोऱ्याला गवसणी, तलवारीला म्यान, पोथीला बासन, पत्राला पाकीट, पुस्तकाला वेष्टन, बैलाच्या पाठीवर झूल, डब्याला झाकण, पेनाला टोपण आणि बाटलीला बूच. पावसात शेतकरी घोंगडीची खोळ घेतो, कोकणात इरले घेतात. या साऱ्यांना ‘कव्हर’ म्हटले की काम भागते खरे, पण वस्तूंमधील भेद पाहण्याची मुलांची दृष्टी मंदावते. ‘आकाशाला गवसणी घालणे’ किंवा ‘प्रस्ताव बासनात गुंडाळणे’ हे वाक्प्रचार तर मूळ वस्तूचे नावच माहीत नसलेल्या मुलाला कधीच कळणार नाहीत. म्हणून ज्या तासाला ‘कव्हर’ शिकवावयाचा, त्याच तासाला हे शब्दही फळ्यावर यावेत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून असे आणखी शब्द आणण्यास सांगावे. आजीआजोबांना शाळेच्या अभ्यासात असे सहज सामील करून घेता येते.

६. पाठाची मांडणी

साहित्य : झाकणासह डबा, उशी व अभ्रा, वही, मोठा रुमाल, सात-आठ लहान वस्तू.

पहिला टप्पा : शिक्षकाने आज्ञा देऊन कृती करून घ्यावी. ‘कव्हर युवर आइज’, ‘कव्हर द बॉक्स’, ‘कव्हर द बुक विथ अ पेपर’. आधी शिक्षकाने कृती करून दाखवावी, नंतर वर्गाने करावी, शेवटी मुलांनी परस्परांना आज्ञा द्याव्यात.

दुसरा टप्पा : थाळीतील वस्तू मुलांना क्षणभर दाखवून रुमालाने झाकाव्यात. मुलांनी वस्तूंची इंग्रजी नावे आठवून सांगावीत. मग ‘अनकव्हर’ म्हणत रुमाल काढावा व उत्तरे ताडून पाहावीत.

तिसरा टप्पा : केलेल्या कृतींची वाक्ये फळ्यावर लिहून त्यांतील झाकली जाणारी वस्तू एका रंगाने व झाकणारी वस्तू दुसऱ्या रंगाने दाखवावी.

स्वाध्याय : (१) घरातील झाकण्याच्या पाच साधनांची मराठी नावे लिहा. (२) प्रत्येकावर ‘कव्हर’ हे क्रियापद वापरून एकेक इंग्रजी वाक्य तयार करा. (३) ‘पांघरणे’ व ‘झाकणे’ यांचे प्रत्येकी एक वाक्य लिहून त्यांतील कर्म ओळखा.

७. समारोप

या शब्दाचा एक उपयोग शिक्षकांच्या स्वतःच्या तोंडी फार आहे. वर्ष अखेरीस आले की ‘पोर्शन कव्हर झाला’ असे म्हटले जाते. टाचणवहीत शेवटच्या धड्यासमोर दिनांक पडला, की तेवढ्या अर्थाने ते खरेही असते. पण मागच्या बाकावरील मुलाला दुसऱ्या धड्यातील वाक्य अजून वाचता येत नसेल, तर तो भाग पुरा झालेला नसून केवळ झाकला गेला आहे. त्यावर पुढचे धडे पडत जातात, आणि पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला तो उघडाही करता येत नाही. अशा मुलासाठी आठवड्यातून एखादा तास मागे वळून घालविला, तर टाचणवहीतील चार दिनांक पुढे सरकतील. त्याची खंत बाळगू नये. अभ्यासक्रम पुरा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहेच. परंतु वर्षाच्या शेवटी मोजावयाची ती मुलाला आलेली वाक्ये, उलटलेली पाने नव्हेत.