बारा लाख भागिले बारा

दिवाळीला इगतपुरीला माहेरी गेले होते. शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाला पुण्यातल्या एका स्टार्टअपचं ऑफर लेटर आलं, बारा लाखांचं. काकांनी बाराला बाराने भागलं, 'महिना लाखाचा पगार' म्हणत आख्ख्या आळीत पेढे वाटले, आणि मग कागद माझ्यासमोर ठेवला.

पालकहो, रेल्वेची पगारपावती तुम्ही डोळे मिटून वाचाल. बेसिक, महागाई भत्ता, घरभाडं, सगळं ओळखीचं. ऑफर लेटरवरची सीटीसी हा मात्र पगार नव्हे; कंपनी मुलावर वर्षभरात जे जे खर्च करू म्हणते त्याची ती बेरीज. काकांच्या कागदात तीन लाख ईसॉपचे होते, दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे काम आणि कंपनी दोन्ही चांगली चालली तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटीही त्यातच. हातात येणार सत्तावन्न हजारांच्या आसपास. काकूंनी पेढ्यांचा डबा हळूच आत नेऊन ठेवला.

सत्तावन्न हजार वाईट नाहीत. पण सही करायची ती सत्तावन्न हजारांना की लाखाला, हे आधी कळायला हवं.

ईसॉप म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क; शेअर नव्हेत. कायद्यानेच पहिलं वर्षभर त्यातलं काही पदरात पडत नाही, आणि सगळा हक्क मिळायला बहुतेक ठिकाणी चार वर्षं लागतात. नोकरी सोडल्यावर तो किती दिवसांत वापरायचा, हे लेखी विचारावं. शिवाय भाव वाढलेला असेल, तर शेअर विकून एक रुपया हाती यायच्या आधीच त्या फरकावर प्राप्तिकर लागू शकतो. आणि त्या हक्काचं पुढे सोनं होईल की माती, हे कुणी सांगू शकत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या फर्स्टक्रायचे शेअर बाजारात आले. त्याच्या आदल्याच महिन्यात बायजूजवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. माझ्या पहिल्या स्टार्टअपचे ईसॉपचे कागद आईच्या ट्रंकेत अजून आहेत. तिथे तीन महिने पगार थकला आणि मी बाबांच्या पेन्शनवर जेवले.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गाडीला बँकर लागलाय. तो सुटणार कुठे?"

कसाऱ्याहून थळ घाट चढताना, 1:37 च्या चढावर, गाडीला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात आणि इगतपुरीला काढतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. गुंतवणूकदारांचा पैसा तसाच. तो किती महिने पुरेल आणि तोवर कंपनी स्वतःच्या कमाईवर चालेल का, यापेक्षा नेमका प्रश्न मला मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या लोकांकडूनही ऐकायला मिळालेला नाही. मुलाने तो ईमेलवर विचारावा. कंपनी नोंदणीकृत असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून तिचे दाखल झालेले ताळेबंदही बघता येतात.

मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा बाँड असेल तर तो कलम नि कलम वाचा. 'बाँड कोर्टात टिकत नाही' हे ऐकीव बोलणं सोडा. विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवला आहे.

आता थोडं कडू. "मिळतंय ते घे, जास्त ताणू नकोस, हातची जाईल," हे आपणच म्हणतो ना? माझ्याही घरी हेच म्हणायचे. वाजवी मागणी सभ्यपणे केली म्हणून ऑफर मागे घेतलेली मी क्वचितच पाहिली. आणि घासाघीस मुलाने करायची. तुम्ही एचआरला फोन करायचा नाही, कृपा करा! तुमचं काम निराळं आहे. घराला दरमहा किती लागतात, कर्जाचा हप्ता किती, हे त्याला मोकळेपणाने सांगा. आकडा माहीत नसलेलं पोर घाबरून सही करतं.

काकांनी त्या रात्री पासबुक आणलं. मुलाने ते पहिल्यांदाच उघडून पाहिलं. मग दोघांनी मिळून मागण्या ठरवल्या : व्हेरिएबलमधले एक लाख पक्क्या पगारात घ्यावेत, आणि नोटीस तीनऐवजी दोन महिन्यांची असावी.

तीन दिवसांनी उत्तर आलं. नोटीस मान्य, लाखाऐवजी साठ हजार मान्य. बँकरचं उत्तर एका ओळीत होतं : चौदा महिने.

"चौदा," काका बोटं मोजत म्हणाले. "आणि नंतर सहा मी ढकलतो."